म्युनिकहून मायरहोफेन: बर्फातल्या सहलीसाठी भाड्याची गाडी कशी निवडायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याची दोन कुटुंबं, चार मोठी माणसं आणि तीन मुलं. मुलांची वयं पाच, नऊ आणि तेरा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईहून म्युनिकला उतरायचं, विमानतळावरच गाडी घ्यायची आणि ऑस्ट्रियातल्या मायरहोफेनला सात दिवस स्कीइंगसाठी जायचं. भाचा दोन वर्षांपासून म्युनिकमध्ये नोकरीला आहे, तो सोबत येईल आणि तोच गाडी चालवेल. एका संकेतस्थळावर फोर बाय फोर एसयूव्ही बघून ठेवली आहे. ती घ्यावी का, बर्फात टायरवर चढवायच्या चेन लागतील का, विमा कोणता घ्यावा आणि आणखी काय बघावं?

म्युनिकमधल्या एका भाडेकंपनीच्या काउंटरमागे मी बरेच हिवाळे काढले आहेत आणि आता गाड्यांच्या देखभालीचं काम बघतो. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी काय दिसतं ते सांगू शकेन.

आधी भाच्याचं बघू, कारण गाडीपेक्षा तो मोठा प्रश्न आहे. त्याने इथे आल्यावर जर्मन परवाना काढला आहे का? जर्मनीत कायम राहायला आलेल्या माणसाला भारतीय परवान्यावर पहिले सहा महिनेच गाडी चालवता येते. त्यानंतर इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन जर्मन परवाना घ्यावा लागतो. दोन वर्षं झाली आणि खिशात अजून पुण्याचाच परवाना असेल, तर कायद्याच्या नजरेत तो विनापरवाना चालक आहे. हा इथे साधा दंडाचा मामला नसून फौजदारी गुन्हा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याचं नुकसान भरून देईल, पण मग वसुलीसाठी चालकामागे लागेल. काउंटरवरचा माणूस प्रत्येक वेळी हे तपासेल असं नाही. भारतीय पासपोर्ट आणि भारतीय परवाना समोर आला की तो तुम्हाला पाहुणाच समजतो आणि किल्ली देतो, म्हणून किल्ली मिळाली म्हणजे सगळं नियमात बसलं असं मानू नका.

गंमत अशी की पुण्याहून येणारे तुम्ही मात्र पर्यटक म्हणून तुमच्या परवान्यावर गाडी चालवू शकता. त्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवाना सोबत असेल तरच त्याला अर्थ आहे. नुसता मोबाइलमध्ये ठेवलेला परवाना इथे कोणी मानत नाही, कार्ड हातात हवं. म्हणजे भाच्याकडे जर्मन परवाना नसेल तर मामा चालवणार आणि भाचा बाजूला बसून रस्ता सांगणार, असं ठरवून टाका. चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात असायलाच हवं. जास्तीच्या चालकाचे पैसे वेगळे लागतात, ते वाचवू नका. नाव नसलेला माणूस चाकामागे असताना काही झालं तर विम्याचा कागद कोराच समजायचा. पंचवीसच्या आतला चालक असेल तर त्याचा अधिभारही धरून चला.

आता एसयूव्ही. तुम्ही भाच्यासह आठ जण आहात, म्हणजे पाच किंवा सात सीटच्या कोणत्याही गाडीत मावत नाही. तो प्रश्न नसता तरी मी सात सीटची एसयूव्ही सुचवली नसती. तिसरी रांग उघडली की डिकीत दोन पाठपिशव्यांपुरती जागा उरते, आणि थंडीचे कपडे म्हणजे प्रत्येकी एक मोठी बॅग. तुम्हाला नऊ सीटची व्हॅन लागेल, तीही लांब मापाची. चालकासह नऊ माणसांपर्यंतची व्हॅन साध्या कार परवान्यावर चालते. दुसरा पर्याय दोन स्टेशन वॅगन, पण त्यासाठी दोन भरवशाचे चालक हवेत.

संकेतस्थळावर एसयूव्हीचा फोटो दिसतो आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘किंवा तत्सम’. तुम्ही गाडी बुक करत नाही, वर्ग बुक करता. हा वर्ग चार अक्षरांच्या कोडमध्ये लपलेला असतो आणि तो वाचता आला की निम्मी फसगत टळते. समजा कोड ‘आय-एफ-ए-आर’ आहे. पहिलं अक्षर आकाराचं, इथे मध्यम. दुसरं ढाच्याचं: ‘एफ’ म्हणजे एसयूव्ही, ‘डब्ल्यू’ म्हणजे स्टेशन वॅगन, ‘व्ही’ म्हणजे माणसं नेणारी व्हॅन. कळीचं अक्षर तिसरं. तिथे ‘ए’ असेल तर गाडी ऑटोमॅटिक आहे, पण किती चाकांना ताकद जाते ते ठरलेलं नाही. म्हणजे दिसायला दणकट आणि आतून फक्त पुढची चाकं ओढणारी गाडी हातात पडू शकते, आणि कंपनीने करार मोडलेला नसतो. ‘बी’ किंवा ‘डी’ असेल तर ऑटोमॅटिकसोबत चारही चाकांना ताकद. मॅन्युअलमध्ये हेच अनुक्रमे ‘एम’, ‘एन’ आणि ‘सी’. नाताळच्या आठवड्यात फोर बाय फोरसाठी काउंटरवर हुज्जत घालणारी कितीतरी मंडळी मी पाहिली आहेत. जवळपास प्रत्येकाच्या कागदावर तिसरं अक्षर ‘ए’ किंवा ‘एम’ असायचं.

त्यातून ऑटोमॅटिक आवर्जून मागा. इथे स्टिअरिंग डावीकडे, गाड्या उजवीकडून, आणि गिअर उजव्या हाताला. त्यात बर्फ. डोक्याला तेवढा एक ताप कमी.

पण फोर बाय फोर लागतेच का? माझं स्पष्ट मत आहे की तुमच्या सहलीला लागत नाही. चारही चाकांना ताकद मिळाली तर चढावर गाडी सुटायला मदत होते. थांबायला काडीची मदत होत नाही, आणि बर्फावरचे बहुतेक अपघात गाडी न थांबल्यामुळे होतात. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. गाडी थांबते ती टायरमुळे. उन्हाळी टायरचं रबर सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर ज्या बारीक नागमोडी चिरा असतात, त्या बर्फात रुततात. बर्फावर पन्नासच्या वेगाने ब्रेक मारला तर उन्हाळी टायरची गाडी थांबायला जवळपास दुप्पट अंतर घेते. महागडी फोर बाय फोर आणि कामचलाऊ टायर यापेक्षा साधी पुढच्या चाकांची गाडी आणि चांगले हिवाळी टायर मी केव्हाही घेईन.

कायदाही टायरकडेच बघतो. जर्मनीत तारखेचं बंधन नाही, पण रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा दवाचा गोठलेला थर असेल तर हिवाळी टायर सक्तीचे. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात अशी परिस्थिती असेल तर सक्ती आहे, आणि टायरची नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल हवी. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर नुसती ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) ही अक्षरं असून भागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह लागतं. बारमाही टायरवरही ते असू शकतं आणि ते कायद्याने चालतात, पण डोंगरात जायचं असेल तर खरे हिवाळी टायर मागून बघा.

गाडी ताब्यात घेताना दोन मिनिटं खाली वाका. टायरच्या बाजूवर ते डोंगराचं चिन्ह शोधा, चारही टायरवर. जवळच लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ‘३५२३’ म्हणजे २०२३ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मग खिशातलं दोन युरोचं नाणं नक्षीच्या खाचेत उभं घाला. नाण्याची बाहेरची रुपेरी कड खाचेत पूर्ण बुडली तर नक्षी चार मिलिमीटर आहे. कड बाहेर डोकावत असेल तर परत काउंटरवर जा आणि दुसरी गाडी मागा. तिथेच, लगेच. पार्किंगमधून बाहेर पडल्यावर तुमचं म्हणणं कोणी ऐकणार नाही.

एक व्यावहारिक गोष्ट. म्युनिकमध्ये हिवाळ्यात बहुतेक गाड्यांना हिवाळी टायर असतातच, तरीही अनेक कंपन्या त्यासाठी दिवसाचं वेगळं शुल्क लावतात. हे शुल्क स्वस्त दिसणाऱ्या बुकिंगमध्ये धरलेलं नसतं आणि काउंटरवर बिलात उगवतं. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना हिवाळी टायर, दुसरा चालक आणि मुलांच्या सीट धरूनच बेरीज करा. बुकिंगच्या कागदावर हिवाळी टायरचा स्पष्ट उल्लेख हवा.

मुलांच्या सीटबद्दल. जर्मनीत बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा उंची १५० सेंटिमीटर होईपर्यंत सीट लागते. ऑस्ट्रियात चौदा वर्षांखालच्या मुलाला, उंची १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर. तुम्ही दोन्ही देशांतून जाणार, म्हणून जो नियम कडक तो तुमचा. पाच वर्षांच्या मुलाला पाठ असलेली सीट, नऊ वर्षांच्या मुलाला निदान बसायची उंच सीट घ्या. तेरा वर्षांचा मुलगा बहुधा सुटेल. कंपनीच्या सीट महाग असतात आणि ऐन गर्दीत संपतात. भाच्याच्या ओळखीत कोणाकडे असतील तर त्या मागून ठेवा.

आता चेनचं बघू. मायरहोफेन झिलर खोऱ्यात सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे. बर्फाचे उतार वर आहेत, पेंकन आणि आहोर्न या डोंगरांवर, आणि तिथे तुम्ही रोपवेच्या पाळण्यातून जाता, गाडीने नाही. खोऱ्यातला मुख्य रस्ता पहाटेपासून साफ होतो, त्यावर मीठ पडतं, आणि तो बहुतेक वेळा काळा आणि ओला असतो. तेव्हा गावाचं नाव ऐकून चेनचा निर्णय घेऊ नका. तुमचं भाड्याचं घर नेमकं कुठे आहे ते बघा. गावात, सपाटीवर असेल तर चेन बहुधा पिशवीतच राहतील. पण स्वस्त आणि ‘सुंदर दृश्याचं’ म्हणून घेतलेलं घर वरच्या वाडीत असेल, तर मुख्य रस्ता सोडल्यावरचा शेवटचा एक किलोमीटर एकेरी, वळणाचा आणि चढाचा असतो आणि तिथे बर्फ बाजूला सारणारं यंत्र सगळ्यांत शेवटी येतं. खोऱ्याच्या टोकाला हिंटरटुक्स तर १,५०० मीटरवर आहे, तिथलं गणित वेगळं. घरमालकाला आजच विचारा: जोराचा बर्फ पडला तर तुमच्या दारापर्यंत चेनशिवाय गाडी येते का? ही माणसं खरं सांगतात, कारण अडकलेली गाडी त्यांनाच ट्रॅक्टरने ओढावी लागते.

निळ्या गोल पाटीवर चेन लावलेलं चाक दिसलं की तिथून पुढे चेन सक्तीच्या. त्या ताकद मिळणाऱ्या चाकांना लावतात. व्हॅन पुढच्या चाकांची असेल तर पुढे, मागच्या चाकांची असेल तर मागे, आणि ते काउंटरवरच विचारून घ्या. चेन कंपनीकडूनच भाड्याने घेणं बरं, कारण त्या टायरच्या मापाच्या असतात. शिवाय काही गाड्यांचे टायर इतके रुंद असतात की चेनला जागाच राहत नाही, आणि तसं गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. काही करारांत चेनमुळे झालेलं नुकसान विम्यातून वगळलेलं असतं, तेही बघा. चेन घेतल्याच तर पहिल्या कोरड्या दिवशी, उजेडात, सपाट जागेवर एकदा लावून काढून बघा. गुडघ्याखाली घ्यायला गाडीतली पायपुसणी, हातात रबरी हातमोजे. लावून झाल्यावर शंभरेक मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणून घ्या, पहिल्या फेरीत त्या सैल पडतातच. वेग पन्नासच्या आत, आणि काळा रस्ता लागला की काढून टाका.

स्की मात्र गाडीतून नेऊ नका. पहिल्यांदा शिकणाऱ्याने स्की, बूट आणि हेल्मेट गावातल्या दुकानातूनच भाड्याने घ्यावेत. बूट चावला तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळतो. त्यामुळे टपावरचा स्कीचा दांडा आणि त्याचं भाडं, दोन्ही वाचतं.

विम्याकडे येऊ. जर्मनीत भाड्यात मूळ विमा बहुधा धरलेला असतो, पण नुकसानीची पहिली काही रक्कम तुमच्या खिशातून जाते. ती आठशे युरोही असू शकते, दीड हजारही, आणि व्हॅनला जास्त. हा खिशातला वाटा शून्यावर आणण्याचे दोन मार्ग आहेत. एक, कंपनीचाच पूर्ण विमा: महाग, पण भानगड नाही, गाडी परत दिली की विषय संपला. दोन, बाहेरून ऑनलाइन घेतलेला स्वस्त विमा: यात कंपनी आधी तुमच्या कार्डातून पैसे कापते आणि मग तुम्ही पावत्या जोडून विमा कंपनीकडून परत मिळवता. कागदपत्रांचा कंटाळा नसेल आणि कार्डाची मर्यादा दांडगी असेल तर दुसरा मार्ग चालेल. तुम्हाला, आठ माणसं आणि बर्फातला पहिलाच अनुभव, मी पहिला सुचवेन. फक्त त्यात काचा, टायर, टप आणि गाडीचा खालचा भाग येतात का, ते वाचून सही करा. ऑस्ट्रियातल्या लहान रस्त्यांवर घसरू नये म्हणून बारीक खडी पसरतात, आणि पुढच्या गाडीच्या चाकातून उडालेला खडा काचेवर बसतो. हिवाळ्यात परत येणाऱ्या गाड्यांमध्ये मी सगळ्यांत जास्त पाहिलेलं नुकसान हेच.

अनामत रक्कम अडवण्यासाठी क्रेडिट कार्ड लागतं, आणि ते मुख्य चालकाच्याच नावाचं. बरीच मंडळी बँकेचं प्रीपेड फॉरेक्स कार्ड पुढे करतात, पण अनामतीसाठी ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमधून सुरू करून ठेवा, नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. नवऱ्याच्या नावाने बुकिंग, बायकोच्या नावाचं कार्ड आणि मेव्हण्याकडे परवाना, अशी त्रिस्थळी यात्रा काउंटरवर दर हिवाळ्यात उभी असते, आणि तिला गाडी मिळत नाही.

गाडी ऑस्ट्रियात नेणार हे बुकिंगच्या वेळीच सांगा. म्युनिकहून ऑस्ट्रिया बहुतेक कंपन्यांना चालतं, पण कळवणं गरजेचं असतं. एखाद दिवस इटलीत डोकवायचा विचार असेल तर तेही आताच विचारा, काही महागड्या गाड्यांना तिथे मनाई असते.

तुमच्या वाटेवरच्या ऑस्ट्रियन महामार्गावर टोलनाके नाहीत, ठरावीक मुदतीचा विन्येट नावाचा परवाना घ्यावा लागतो. तुमच्यासाठी दहा दिवसांचा पुरेल, साधारण तेरा युरो. डिजिटल विन्येट नंबरप्लेटशी जोडलेला असतो, त्यामुळे गाडी हातात आल्याशिवाय तो घेता येत नाही. किल्ली मिळाली की पार्किंगमध्येच, अस्फिनाग या ऑस्ट्रियन महामार्ग कंपनीच्या अॅपवरून घ्या. नंबर गाडीच्या मागे जाऊन बघून लिहा, करारावरून नको. एक अक्षर चुकलं तरी विन्येट नसल्यासारखंच, आणि कॅमेऱ्याने पकडलं तर शंभर युरोंच्या वर दंड, वर तुमचा पत्ता कळवल्याबद्दल भाडेकंपनीचं शुल्क. सीमेपासून कुफश्टाइन-झ्यूडपर्यंतचा तुकडा विन्येटमधून मुक्त आहे, पण तुम्हाला त्याच्या बरंच पुढे जायचं आहे. मध्येच गाडी बदलून मिळाली तर नव्या नंबरचा नवा विन्येट.

रस्ता सोपा आहे. विमानतळापासून म्युनिकला वळसा घालून आठ नंबरच्या महामार्गाने आग्नेयेला, इर्शनबर्गचा चढ, मग ९३ नंबरने कीफर्सफेल्डनची सीमा, आणि इन नदीच्या काठाने बारा नंबरचा ऑस्ट्रियन महामार्ग. झिलर खोऱ्याच्या फाट्याला बाहेर पडलं की ब्रेटफाल बोगदा, आणि पुढे मायरहोफेनपर्यंत एकच रस्ता, येण्याजाण्याला एकेक पट्टी. मोकळ्या दिवशी अडीच तास. पण इथे घरं शनिवार ते शनिवार भाड्याने जातात, आणि नाताळ-नववर्षाच्या शनिवारी अर्धा बायर्न (म्युनिकचं राज्य, बव्हेरिया) आणि निम्मं हॉलंड याच रस्त्यावर असतं. तेव्हा पाच तासही लागू शकतात. जमलं तर रविवार किंवा मधला वार धरा. आणि कोंडी झाली म्हणून मोबाइलने सुचवलेल्या गावातल्या वाटेने निघू नका. टिरोलमध्ये, म्हणजे मायरहोफेन ज्या ऑस्ट्रियन राज्यात आहे तिथे, हिवाळ्याच्या शनिवार-रविवारी काही फाट्यांवर कोंडी चुकवायला महामार्ग सोडण्यावर बंदी असते आणि पोलीस उभे असतात. महामार्ग तुंबला की डावीकडच्या पट्टीने डावीकडे, बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट ठेवायची. गाड्या पूर्ण थांबण्याआधीच, आणि हा नियम दोन्ही देशांत आहे.

इन खोऱ्यात हवेच्या प्रदूषणामुळे १३० ऐवजी १०० ची मर्यादा आहे, पाटीवर ‘आयजी-एल’ लिहिलेलं असतं. रस्ता रिकामा आहे म्हणून दुर्लक्ष करू नका.

मुंबईचं विमान पहाटे उतरतं. रात्रभर न झोपलेला माणूस, डावीकडचं स्टिअरिंग आणि बाहेर उणे तापमान, हे तिन्ही एकत्र आणू नका. पहिली रात्र म्युनिकमध्ये काढा, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. एका दिवसाचं भाडंही वाचेल.

चालवण्याबद्दल थोडंच सांगतो. वरंध किंवा ताम्हिणी घाट पावसाळ्यात उतरलेल्या माणसाला अर्धं येतंच: उतारावर गिअर खालचा ठेवायचा, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. ऑटोमॅटिकमध्येही हाताने गिअर खाली आणता येतो, कसा ते निघण्याआधी शोधून ठेवा. उरलेलं अर्धं म्हणजे सगळं हळू करायचं: वळण, ब्रेक, वेग वाढवणं. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट अंतर. तापमान तीन-चार अंशांवर आलं की गाडी टिंग वाजवून हिमकण दाखवते. ती सूचना गंभीरपणे घ्या, कारण पांढऱ्या बर्फापेक्षा पुलावरचा आणि सावलीतल्या वळणावरचा न दिसणारा काळा बर्फ जास्त वाईट. गाडी घसरलीच तर ब्रेक पूर्ण दाबून धरा. पायाखाली थरथर जाणवेल, ते एबीएसचं काम आहे, पाय काढू नका. स्टिअरिंग जिकडे जायचंय तिकडे.

गाडी घेताना आणखी काही बघा: काच खरवडायची पट्टी, हातझाडू, प्रत्येकासाठी चकाकणारं जाकीट, त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी. वायपरच्या टाकीत न गोठणारं द्रव असल्याची खात्री करा. साधं पाणी ओतलं तर रात्रीत गोठतं, आणि सकाळी मिठाचा चिखल काचेवर पसरून पुढचं काही दिसेनासं होतं. सकाळी टपावरचासुद्धा सगळा बर्फ काढायचा. काचेवरच्या बर्फात वीतभर भोक पाडून निघणाऱ्यांना दंड होतो, आणि टपावरचा ढीग पहिल्या ब्रेकला पुढच्या काचेवर येतो. इंजिन सुरू ठेवून गाडी गरम करत उभं राहायलाही जर्मनीत मनाई आहे. इलेक्ट्रिक गाडी ‘वरच्या वर्गात बढती’ म्हणून देऊ केली तर नम्रपणे नाही म्हणा. गाडी चांगलीच असते, पण थंडीत तिचा पल्ला लक्षणीय घटतो आणि अनोळखी खोऱ्यात चार्जर शोधत फिरणं पहिल्या सहलीला नको.

आता एक प्रश्न मीच विचारतो. ही गाडी सात दिवस करणार काय? मायरहोफेनमध्ये पाळणे गावातूनच सुटतात, आणि खोऱ्यातली स्कीची बस पाळण्यांच्या पासवर फुकट आहे. व्हॅन जाता-येता दोन दिवस धावेल आणि मधले दिवस बर्फाखाली उभी राहील, पार्किंगचे पैसे वेगळे. म्युनिकहून येनबाखपर्यंत रेल्वे आहे, कधी थेट तर कधी कुफश्टाइन किंवा व्योर्गलला बदलून. तिथून झिलर खोऱ्याची अरुंद रुळांची छोटी गाडी तासाभरात मायरहोफेनला पोचवते. आपल्या माथेरानच्या गाडीहून तिचे रूळ थोडे रुंद, पण घराणं तेच. भाच्याकडे जर्मन परवाना नसेल आणि तुमच्यापैकी कोणी याआधी उजवीकडून गाडी चालवलेली नसेल, तर मी रेल्वेनेच जायला सांगेन. घर वरच्या वाडीत असेल किंवा नंतर साल्झबुर्ग वगैरे फिरायचं असेल, तर व्हॅन घ्या.

दोन्ही पर्यायांत पासपोर्ट जवळ ठेवा. परतीला कीफर्सफेल्डनला जर्मन पोलीस तपासणी करतात, आणि शेंगेन व्हिसा असलेला पासपोर्ट बॅगेच्या तळाशी असेल तर मागची सगळी रांग तुमच्याकडे बघत बसते. प्रवास विम्यात स्कीइंग धरलं आहे का तेही बघा, बऱ्याच स्वस्त पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

गाडी परत करताना हिवाळ्यात एक खास अडचण येते. मिठाच्या राखाडी थराखाली ओरखडा आहे की नाही ते कोणालाच दिसत नाही, आणि कंपनी गाडी धुतल्यावर ‘नवीन नुकसान’ म्हणून ईमेल पाठवते. म्हणून म्युनिकच्या अलीकडे पेट्रोल भरताना गाडी धुऊन घ्या. व्हॅन आपोआप धुणाऱ्या यंत्रात मावते का ते आधी उंचीच्या पाटीवर बघा. सुटीच्या दिवशी हे यंत्र बंद असू शकतं, तेव्हा निदान पाण्याच्या नळीने तरी. मग चारही बाजू, चाकं, काच आणि टप यांचा सलग व्हिडिओ काढा, शेवटी किलोमीटर आणि इंधनाचा काटा दाखवून. गाडी घेतानाचा असाच व्हिडिओ आधीच काढलेला असेल. विमानतळावर माणूस हजर असेल तर त्याच्याकडून नुकसान नसल्याची सही घ्या. नसेल आणि किल्ली पेटीत टाकायची असेल, तर गाडी उभी केलेल्या जागेचा नंबरही व्हिडिओत येऊ द्या. दोन्ही व्हिडिओ आणि पेट्रोलची पावती निदान सहा महिने सांभाळून ठेवा, कारण नुकसानीचं किंवा दंडाचं पत्र पुण्यात पोचेपर्यंत बराच काळ गेलेला असतो.